मेरीमातेची ओटी

"दोन पानांत शाळेचा इतिहास लिहून दे, अन् चांगलं चांगलं लिही वं," असं शैलानं फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजीला फोडणी देत होते. शैला माझ्याच वर्गातली. तेव्हा ती मॉनिटर होती, आता माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाची अध्यक्ष आहे. म्हणजे हुद्दा बदलला, काम तेच. शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, स्मरणिका निघणार आहे आणि आमच्या तुकडीत चार ओळी लिहिणारी मी एकटीच, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, माझ्याकडे चांगलं फार नाही. ती हसली. "तुहं तं तेव्हापासून असंच आहे. एकदा येऊन तं पाह्य, शाळा किती बदलली ते." फोन ठेवला तोवर मोहरी जळून गेली होती.

मी गेले. लिहायचं ठरवून नव्हे. माझा राग अजून ताजा आहे की इतक्या वर्षांत त्याला बुरशी आली, ते एकदा बघायचं होतं.

तेव्हा ही शाळा गावाबाहेर होती. कोराडीकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बेशरमीची झुडपं, कोळशाचे ट्रक, एक लाकडाचं आरायंत्र आणि त्याच्यासमोर एकदम पांढरी कंपाउंडची भिंत. आता ती भिंत लग्नाच्या दोन लॉनच्या मध्ये दाटून उभी आहे. एका बाजूला नवरदेवाची कमान, दुसऱ्या बाजूला केटररच्या उपड्या घातलेल्या कढया. फाटकावरच्या चौकीदारानं मला नाव विचारलं, कोणाकडे जायचं ते विचारलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजून सातवीतच आहे आणि माझी रिबन सुटली आहे. पांढरे केस घेऊनसुद्धा माझा हात वेणीकडे गेला. मला स्वतःचाच संताप आला.

आत सगळं चकचकीत. जमिनीला टाइल्स, भिंतीला कॅमेरे, पिवळ्या बसगाड्यांची रांग. पण व्हरांड्यात पाय टाकला आणि तोच वास आला: आधी फेनाइल, मग मेण, मग खडूची धूळ. डोकं म्हणत होतं, परत फिर. आणि नाक आपलं माहेरी आल्यासारखं पुढे पुढे. नाकाला लाज नसते.

शैलाला हवा असलेला इतिहास मला पाठ आहे. उजाड माळावर ज्ञानाचं एक इवलंसं रोपटं लावलं गेलं आणि आज त्याचा वटवृक्ष झाला. प्रत्येक शाळेच्या स्मरणिकेत हा वटवृक्ष असतोच. मी अजून एकही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. माळ मात्र होता, हे खरं. त्यावर कुण्या निवृत्त जंगल अधिकाऱ्याचा पडका बंगला होता, त्यातल्या दोन खोल्यांत शाळा सुरू झाली. केरळहून आलेल्या सिस्टर्स मागच्या बाजूला राहत. त्यांनी पपया लावल्या, विहिरीवर मोटर बसवली आणि बंगल्याच्या बाजूला सिमेंटच्या पत्र्यांची लांबलचक शेड उभी केली. आंब्याला रुळाचा एक तुकडा टांगलेला असे, तीच घंटा. ती वाजली की कॉलनीतले पोट्टे उरलेला रस्ता धावत सुटायचे.

आम्ही थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या, कॉलनीतले. बाबा तिथे कारकून. कॉलनीतून त्या शाळेत प्रवेश मिळणं म्हणजे घरादाराचं नशीब उघडणं, असं तेव्हा मानलं जाई. बाबांनी त्या प्रवेशासाठी इतके हेलपाटे घातले होते की पुढे शाळेनं काहीही केलं तरी ते म्हणायचे, "शिस्त आहे त्यांची." शिस्त हा शब्द मी तेव्हा जो ऐकला, तो अजून माझ्या दाताखाली खड्यासारखा येतो.

शिस्त म्हणजे पांढरा युनिफॉर्म. जिथे वारं फिरलं की आभाळातून राख उतरते, त्या रस्त्यावर पोरांना पायाच्या बुटापासून केसांच्या रिबनपर्यंत पांढरं घालायला लावायचं हे ज्याला सुचलं, त्याचा मला सत्कार करायचा आहे. चिमणीचा धूर आमच्याकडे वळला की दोरीवरचे कपडे वाळता वाळता करडे व्हायचे. आई ते पुन्हा झटकायची, पुन्हा नीळ द्यायची. बुटांवर आम्ही खडू घासायचो. तरी सकाळच्या प्रार्थनेनंतर मळक्यांची वेगळी रांग निघायची, आणि तिच्यात सगळी आमचीच कॉलनी असायची. शहरातल्या, सदरच्या, सिव्हिल लाइन्सच्या पोरी आमच्याकडे पाहून नाक मुरडायच्या. राख त्यांच्या घरी वीज पोचवून मग आमच्या अंगावर पडते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि उन्हाळा. नागपूरचा उन्हाळा सिमेंटच्या पत्र्याखाली ज्यानं काढला नाही त्यानं नरकाबद्दल बोलू नये. मॉरल सायन्सच्या तासाला नरकाचं वर्णन चालायचं, तेव्हा आमच्या पाठीवरून घामाचे ओघळ बाकावर उतरत. वाळ्याचा वास म्हटलं की लोकांना गारवा आठवतो. मला ऑफिसचं दार आठवतं. कूलर आणि वाळ्याचे ओले पडदे फक्त तिथेच होते, आणि शिक्षा म्हणून दाराबाहेर उभं केलं तरच तो वास आमच्या वाट्याला यायचा. काही पोट्टे मुद्दाम शिक्षा ओढवून घ्यायचे.

त्या दाराआड मोठ्या सिस्टर बसत. त्यांचं नाव लांब होतं आणि कुणी घेत नसे. पोरं, पालक, शिपाई सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. मोठ्या त्या पदानं, अंगानं किडकिडीत. पायांत रबरी तळव्यांचे बूट असल्यामुळे त्या आल्याचं कळत नसे. आधी साबणाचा मंद वास यायचा आणि मग कानाला चिमटा. आजही मेडिकलच्या दुकानात तसल्या साबणाची वडी कुणी उघडली की मी आपोआप सरळ उभी राहते.

सगळंच वाईट होतं असं म्हणणं खोटं होईल, आणि खोटं बोलायचं काम शैलाचं आहे. डिसेंबरातली दुपार मला आवडायची. दिवसातून एकदा वर्गाचे दोन भाग होत. ख्रिस्ती मुलं चॅपलमध्ये जात आणि उरलेले आम्ही खिडक्या लावून मॉरल सायन्सला बसत असू. तिकडून पेटीचे सूर यायचे. मागच्या स्वयंपाकघरात केक भाजला जाई, त्याचा लोण्या-मनुकांचा वास शेडभर पसरायचा, आणि पेंढ्याचा, ओल्या मातीचा, कारण क्रिब, म्हणजे येशूजन्माचा गोठा, बांधणं चालू असे. त्या केकचा तुकडा आम्हाला कधी मिळाला नाही, पण वासावर कुणाची पहारेदारी नव्हती. खिडकीला कान लावून ऐकलेली ती गाणी मला अजून येतात. भांडी घासताना ती तोंडात आली की मी जोरात नळ सोडते.

येशूशी माझी काही तक्रार नाही, हे लिहून ठेवते. तो बिचारा फळ्याच्या वर टांगलेला होता, त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याच्या आईशी तर नाहीच नाही. ती आमच्या फाटकाशी, दगडांच्या कोनाड्यात उभी होती. अंगावर निळी शाल, कडेवर बाळ, चुना दिलेला पांढरा चेहरा. आम्ही तिला पाहून क्रॉस करायला शिकलो होतो, तो कुठल्या खांद्यापासून सुरू करायचा यावरून आमची भांडणं व्हायची. माझी आई मात्र मला घ्यायला आली की फाटकाबाहेरूनच तिच्याकडे बघत उभी राहायची. दोन बायका बसस्टॉपवर एकमेकींकडे बघतात, तसं.

माझी आई नरखेडकडची, संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली. शिकलेली बेताची, बोलायला मोकळी. कुठल्याही नव्या जागी गेली की तिथली देवी कोण, हे ती आधी विचारून घ्यायची. कोराडीच्या देवीची ओटी तिनं नागपुरात आल्याच्या आठवड्यातच भरली होती. संक्रांत ते रथसप्तमी हे तिचे सणाचे दिवस. दुपारी कामं आटोपून बायका कॉलनीभर हळदीकुंकवाला फिरत. सगळ्या क्वार्टर्समधून तिळाचा खमंग वास यायचा, काचेच्या नव्या बांगड्या वाजायच्या, आणि घराघरांत बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची करवं यांनी भरलेली सुपं ठेवलेली असायची. मामाकडून आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या पेट्या याच दिवसांत यायच्या. त्यामुळे आमच्या घरच्या ओटीत एक संत्रं ठरलेलं.

मी सातवीत होते तेव्हाची ती संक्रांत. आई हळदीकुंकवाच्या फेरीवरून तशीच मला घ्यायला आली. काळी साडी, हातात करंडा, खांद्याला ओटीच्या सामानाची पिशवी. शाळा सुटून गेली होती, आवार रिकामं होतं, फक्त शिपाई व्हरांडा झाडत होता. आई फाटकातून आत आली आणि कोनाड्यापुढे थांबली.

"बाईच्या कडेवर लेकरू अन् कपाळ कोरं," ती म्हणाली. "सणासुदीची अशी कशी ठेवाची वं तिले?"

"आई, इथं नाही लावत."

"काहून? घरी आलेल्या बाईले लावतो, वाटंत भेटली तिले लावतो. हे काय परकी आहे?"

आई चवड्यांवर उभी राहिली, आधी हळद लावली, मग कुंकू, अनामिकेनं, एकाच टेकणीत, तिची बोटं कधी हलत नसत. बाळाच्या कपाळाला जरासं टेकवलं. मग शालीच्या घडीत गहू, बोरं, घाटे, उसाचं करवं ठेवलं आणि पायाशी संत्रं. "लेकराले सुखी ठेव बाई, तुह्याही अन् माह्याही," असं म्हणून तिनं वाकून नमस्कार केला. खरं सांगते, मेरी फार सुंदर दिसत होती. आमच्या ओळीतल्या एखाद्या काकूसारखी, आत्ता हाक मारेल अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शाळा मैदानात उभी असताना शिपायाला सायकलवरून कॉलनीत पाठवलं आणि आईला बोलावून आणलं. आई हसत आली. तिच्या हातात तिळगुळाचा डबा होता. सिस्टरना आपण केलेलं आवडलं, म्हणून बोलावलं, असा तिचा समज झाला होता.

कोनाड्यापाशी पाण्याची बादली, फरशी घासायचा ब्रश आणि साबण ठेवलेला होता. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. "आपने किया है, आप ही साफ करेंगे," एवढंच त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून त्यांनी प्रार्थना सुरू करण्याची खूण केली.

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं डबा पायरीवर ठेवला, पदर खोचला आणि ब्रश उचलला. चुन्यावरचं कुंकू पाणी लागल्यावर निघत नाही, पसरतं. कपाळावरून ते भुवईवर आलं, गालावर आलं, बाळाच्या डोक्यावर उतरलं. हळद त्यात मिसळली आणि सगळा चेहरा विस्कटल्यासारखा गुलाबी झाला. आई घासत होती. नव्या बांगड्या बादलीच्या काठावर आपटत होत्या. आम्ही गात होतो.

"नाही निघत बाई," आई म्हणाली.

"और," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

एक बांगडी फुटली. कुणीतरी हसलं. शैला मॉनिटर होती. ती माझ्या शेजारून गेली, माझा खांदा धरून तिनं मला रांगेत नीट उभं केलं. ओल्या चुन्याचा, साबणाचा आणि कुंकवाचा मिळून एक कडवट वास येत होता. आई थांबली की "और", थांबली की "और". तेवढा एक शब्द मोठ्या सिस्टरांना त्या दिवशी पुरला. प्रार्थना संपली, प्रतिज्ञा झाली, आम्हाला वर्गात नेलं, तरी खिडकीतून ब्रशचा आवाज येत होता. मधल्या सुट्टीत मी धावत गेले तेव्हा आई निघून गेली होती. बोरं, घाटे आणि ते संत्रं झाडलोटीच्या ढिगात, वाळक्या पानांबरोबर पडलं होतं. डबा संध्याकाळी ऑफिसातून मला परत मिळाला, रिकामा. तिळगूळ कोणी खाल्ला मला माहीत नाही. गोड बोलण्याच्या बाबतीत त्याचा काही गुण आलेला तरी दिसला नाही.

पुढे मूर्तीला नवा रंग दिला. तरी दुपारच्या उन्हात कपाळाशी गुलाबी झाक दिसायची. मला तरी दिसायची.

त्यानंतर आई त्या फाटकातून आत आली नाही. बक्षीस समारंभाला बाबा येत, प्रगतिपुस्तकावर सही करायला बाबा येत. आई मला घ्यायला यायची ती रस्त्यापलीकडे, आरायंत्राच्या शेडपाशी उभी राहायची. सागाच्या भुशाचा तो वास मला आईचा वास वाटायचा. घंटा झाली की मी रस्ता ओलांडायची आणि तिच्या साडीवरचा भुसा झटकायची. मोठ्या सिस्टरांचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. बाबा तर "शिस्त आहे त्यांची" म्हणून मोकळे झाले होते. मीही मग बोलले नाही. हळूहळू नात्यात, शेजारात सगळे म्हणू लागले की हिचं मन फार मोठं, हिच्या मनात काही राहत नाही. मला ते खरं वाटायचं. तिचा राग तिच्या वतीनं मीच सांभाळून ठेवला पाहिजे, नाहीतर तो कुणाचाच उरणार नाही, असं मला वाटायचं. इतकी वर्षं मी तो सांभाळला, चांगला खाऊपिऊ घातला.

आता कोनाड्याच्या जागी काचेची पेटी आहे. आत फायबरची नवी, गुळगुळीत मेरी आणि तिच्यामागे निळा दिवा. जुनीचं काय केलं ते शैलाला माहीत नव्हतं. ती मोबाइलवर कुणाला तरी मंडपवाल्याचा नंबर देत माझ्याबरोबर चालत होती.

"सुरुवातीच्या मुलांच्या आयांचा सत्कार करून राहिलो आपण," ती म्हणाली. "काकूंचं नाव पहिलंच टाकलं. शाल देऊ, फोटो काढू. आणशील ना?"

"तिला इथे आणायचं?"

"हाव. काहून नाही? अन् सांगतलं का तुले, मोठ्या सिस्टर आल्या ना परत. मागं कॉन्व्हेंटात राहून राहिल्या. लय थकल्या बिचाऱ्या. त्यांच्याच हातून शाल देऊ."

तिला ते खरोखरच आठवत नव्हतं. खांदा दाबणाऱ्या हाताला काय आठवणार. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी तिला मंडपवाल्याशी बोलत सोडलं आणि मागे गेले.

पपया अजून होत्या. कॉन्व्हेंटच्या ओसरीवर उन्हात एक वेताची खुर्ची होती आणि तिच्यात मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. इतक्या लहान झालेल्या की पाय जमिनीला टेकत नव्हते. पायांत लोकरीचे मोजे. साबणाचा वास मात्र तोच. मी सरळ उभी राहिले, आणि मग मुद्दाम त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

मी नाव सांगितलं, तुकडी सांगितली. त्यांनी मान हलवली, ओळख पटली नव्हती. त्या आता मराठी बोलत होत्या, हळू, शब्द वेचून. "खूप मुलं झाली," त्या म्हणाल्या. "मला आता चेहरे राहत नाहीत."

"तुम्ही एका बाईला मेरीची मूर्ती घासायला लावली होती," मी म्हटलं. "सगळ्या शाळेसमोर. ती माझी आई."

त्यांनी मान वळवून पपयांकडे पाहिलं. माझी खात्री होती की त्या म्हणतील, आठवत नाही. मी त्याची तयारी करून आले होते. त्यावर काय बोलायचं ते मनात घोटून ठेवलं होतं.

"ते निघालं नाही," त्या म्हणाल्या. "मी नंतर स्वतः घासलं. ती गेल्यावर. माझ्या हातानंसुद्धा निघालं नाही."

माझ्या तयारीचा काही उपयोग झाला नाही. मला त्यांची दया आली नाही, हे मात्र नक्की. मी म्हटलं, "आई अजून आहे, माझ्याकडेच असते. तिची माफी मागा. शाल घालून स्टेजवर नाही. आमच्या घरी येऊन."

"ती काय म्हणेल?"

"ती माफ करेल. तिचं मन मोठं आहे." हे मी मान ताठ करून सांगितलं. माझ्या आईचं मोठेपण त्यांच्या तोंडावर फेकावं, असंच मला वाटत होतं. त्या चष्मा काढून पुसत बसल्या आणि मग म्हणाल्या, "येईन."

घरी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिची बोटं थांबली नाहीत. "येऊ दे," ती म्हणाली, आणि दाणे पाखडायला उठली.

रविवारी शैलाच्या गाडीतून त्या आल्या. आईनं सकाळीच सोफ्यावर धुतलेली चादर घातली होती, स्वतः इस्त्रीची साडी नेसली होती. मोठ्या सिस्टरांना शैलानं आणि मी धरून आत आणावं लागलं. आई उठून उभी राहिली, त्यांना वाऱ्याच्या बाजूला नको म्हणून आतल्या खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली. मी चहा टाकला. स्वयंपाकघरातून मला दोघींच्या पाठी दिसत होत्या. ज्या क्षणासाठी मी अर्धं आयुष्य रागावून राहिले तो आता माझ्या बैठकीत येऊन बसला होता.

चहा घेऊन गेले तेव्हा मोठ्या सिस्टरांनी बोलायला सुरुवात केली होती. वाक्य पाठ करून आणलं होतं, ते कळत होतं. "ताई, त्या दिवशी मी तुमच्याशी वाईट वागले. तुम्ही देवासाठी प्रेमानं केलं आणि मी तुमचा अपमान केला. मला माफ करा."

त्यांनी हात जोडले. शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला असं पटकन येतं.

आईनं कप त्यांच्याजवळ सरकवला. "तुम्ही एवढ्या दुरून आल्या, चांगलं केलं," ती म्हणाली. "तब्येत अशी असून आल्या. चहा घ्या."

"माफ केलं ना?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"केलंच असन," शैला म्हणाली. "काकू, म्हणा ना, केलं म्हणून."

"नाही वं शैला," आई म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. दूधवाल्याला आज दूध नको म्हणून सांगते, त्याच आवाजात ती बोलत होती. "नाही होत माह्याच्यानं. करून पाह्यलं मी. कोराडीच्या देवीपुढं बसून करून पाह्यलं. हिचं लग्न झालं तेव्हा वाटलं, आता सोडून द्याव. नाही झालं. खोटं कशाले सांगू तुमाले, या वयात?" मग म्हणाली, "तुमचा देव करन, त्याचं कामच आहे ते. मी नाही करत."

मोठ्या सिस्टरांचे जोडलेले हात हळूहळू मांडीवर आले. आईनं कप उचलून त्यांच्या हातात दिला. तो त्यांना पेलत नव्हता, म्हणून तिनं खाली बशी धरली आणि त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत धरून ठेवली. "साखर बरोबर आहे?" तिनं विचारलं. त्या हो म्हणाल्या.

शैला जाताना माझ्यावर चिडली होती. गाडीचं दार लावत म्हणाली, "एवढ्या म्हाताऱ्या बाईले असं कोणी म्हणते का वं?" मी तिला म्हटलं की इतिहासाची दोन पानं दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घे. गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. माझ्या आत काहीतरी मोठं, गार असं पसरत होतं. मी ज्या बाईचा राग इतकी वर्षं तिच्या नकळत सांभाळत होते, तिच्याकडे तिचा स्वतःचा राग होता, माझ्यापेक्षा कितीतरी जुना आणि नीट ठेवलेला.

आत आले तेव्हा आई सोफ्यावरची चादर काढून घडी घालत होती. एक टोक मी धरलं.

"कशाले आणलं वं तिले?" ती म्हणाली.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"मले वाटे, तू विसरली असशील." तिनं घडी माझ्या हातातून घेतली आणि हातानं सपाट केली. "म्हून मी कधी तुह्यापुढं तिचं नाव नाही काढलं. तुले रोज तिच्याच शाळेत जाचं होतं."